दारातला पहिला श्वास

घर भाड्याने जातं तेव्हा त्याची पाहणी होते. भाडेकरू यायच्या आधी एकदा, तो राहत असताना मधूनमधून, आणि तो निघाला की शेवटची. मालकाचं कोणतं सामान घरात आहे, कपाटाचं दार नीट लागतं का, भिंत कोरडी आहे का, नळ गळतो का, हे बघून लिहायचं आणि खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे पुढे कोणी कोणाच्या अंगावर यायला नको. आमच्या ह्यांनी उभा जन्म हेच काम केलं.

ह्यांची कामाची एक रीत होती. दार उघडलं की आत एक पाऊल टाकून थांबायचं, डोळे मिटायचे आणि नाकाने एक लांब श्वास घ्यायचा. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. मालक कितीही बोलघेवडा असो, हे हात वर करून त्याला गप्प करत. कपाटामागची ओल, पलंगाखाली झोपणारं मांजर, चोरून ओढलेली सिगारेट, गॅसची गळकी नळी, सगळं ह्यांना दारातच कळायचं. "डोळे दिवसभर काम करतात," हे म्हणत, "नाक फक्त दारात करतं. थोडा वेळ आत राहिलं की ते घरचं होतं. मग ते घराविरुद्ध बोलत नाही." घरमालक ह्यांना 'नाकवाले काका' म्हणत आणि ह्यांना ते आवडायचं.

मग एका तापात ह्यांचं नाक गेलं. ताप उतरला, भूक परत आली, वास काही परत आला नाही. मला कळलं ते असं की एका सकाळी हे नासलेल्या दुधाचा चहा घोट घोट घेत निवांत पीत बसले होते. मी कप हातातून काढून घेतला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पाय गेले असते तर काठी घेतली असती," हे म्हणाले. "नाकाला कसली काठी लावू?"

"मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"काठी होणार. टेपचं दुसरं टोक धरायला बायकोला आणलंय म्हणून सांगा."

असं माझं कामावर जाणं सुरू झालं. दारात हे पूर्वीसारखेच डोळे मिटून उभे राहत, आणि मागे उभी राहून खरा श्वास मी घेई. ओल असली तर मी खोकायचं, असं ठरलं होतं. ते फार टिकलं नाही. मला सर्दी झाली होती तेव्हा आम्ही एका नव्या कोऱ्या घरात गेलो. मलाच कसला वास येत नव्हता आणि खोकला थांबत नव्हता. ह्यांनी खोलीगणिक ओल लिहिली. मालक बिचारा भिंतीला गाल लावून लावून बघत होता. "काका, कुठंय ओल?" तर हे मोठ्या थाटात म्हणाले, "आत आहे. वर यायला वेळ लागतो." बाहेर आल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी परत जाऊन, दोन घरांचे कागद अदलाबदल झाले असं काहीतरी सांगून आम्ही ते निस्तरलं.

त्यानंतर खोकला बंद आणि पिशवी सुरू झाली. माझ्याकडे एक जाड कापडाची पिशवी होती, त्यात टेप, टॉर्च आणि पाण्याची बाटली असायची. पिशवी डाव्या हातात असली तर सगळं ठीक. उजव्या हातात गेली तर ओल. आणि खाली जमिनीवर ठेवली तर जळल्याचा नाहीतर गॅसचा वास, म्हणजे बाकी सगळं सोडून आधी तेच शोधायचं. ही खूण चुकायची नाही. मी पिशवी कधी उगाच खाली ठेवत नसे, कोणी बसायला सांगितलं तरी मांडीवर घेऊन बसे.

चष्म्याचं दुकान असलेल्या एका तरुण मालकाचं घर होतं. वरच्या मजल्यावर एक जोडपं आणि त्यांचं रांगतं बाळ. खाली सिस्टर. मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, लग्न केलेलं नाही, दुसऱ्या गावी एक भाची. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, आणि निवृत्त झाल्या तरी वार्डात असल्यासारख्याच वागत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ह्यांना पाय पुसायला लावले होते. "घराची तपासणी करायला आलात ना? मग घाण बाहेर ठेवून या." दरवेळी त्यांच्या घरात साबणाचा वास आणि त्यामागे कडक इस्त्रीचा. ह्यांना काही लिहायलाच उरत नसे.

त्या वर्षी पाहणीला जायच्या आधी चष्मेवाल्याने आम्हाला दुकानात बोलावलं.

"काका, सिस्टर आता थकल्यात. वरची वहिनी म्हणत होती की एकदोनदा खालून करपल्याचा वास आला. मी विचारलं तर मलाच झापलं. तुम्ही नीट बघा. काही आढळलं तर मी त्यांना घर सोडायला सांगणार. वर तान्हं पोर आहे. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला सिस्टरांचं एक वाक्य आठवत होतं. मागच्या वेळी चहा देताना त्या मला म्हणाल्या होत्या, "भाचीकडे बाहेरच्या खोलीत एक पलंग आहे माझ्यासाठी. पाहुणी म्हणून मरायचं नाही गं मला. इथून मला आडवीच नेतील."

आम्ही गेलो. दार उघडायला त्यांना वेळ लागला. केस विंचरलेले, कपडे कडक, पण बटणं एका घराने चुकलेली. हे आत एक पाऊल टाकून डोळे मिटून उभे राहिले. मागे मी.

आधी फिनेलचा वास आला, नको इतका. मग लिंबं उकळल्याचा. आणि त्या दोन्हींच्या खाली जळकं. एखादं भांडं एकदा करपल्याचं नव्हे. पुन्हा पुन्हा करपून, धुऊन, परत करपून पडद्यांत आणि लाकडात मुरलेलं.

मी पिशवी डाव्या हातात घट्ट धरली. बोटं दुखेपर्यंत धरली. खाली ठेवायची नाही, असं मी तिथेच ठरवलं. आज तर काही पेटलेलं नव्हतं. ह्यांना काही कळणार नाही, कागदावर 'ठीक' पडेल, मी नंतर एकटी येऊन सिस्टरांशी बोलेन. माझ्या मनात तेवढंच होतं. वरून बाळाच्या रांगण्याचा धपधप आवाज येत होता, आणि तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

हे डोळे उघडून मागे वळणार, एवढ्यात सिस्टर पुढे आल्या.

"अगं बाई, ओझं कशाला धरून उभी आहेस? ठेव की खाली." आणि माझ्या हातातून पिशवी काढून त्यांनी ती जमिनीवर ठेवली.

ह्यांनी वळून पाहिलं. पिशवी जमिनीवर.

ह्यांचा चेहरा एकदम बदलला. मी मान हलवली, डोळे मोठे केले, पण हे माझ्याकडे बघतच नव्हते. ठरल्याप्रमाणे बाकी सगळं सोडून हे कामाला लागले होते.

"सिस्टर, जळल्याचा वास येतोय," हे म्हणाले.

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण आवाज नाही. "कुठून येतोय?"

आता हे कुठून सांगणार? ह्यांनी दिव्यांचं मुख्य बटण बंद केलं, बटणांच्या फळीपाशी नाक नेलं आणि हुंगलं. मग खोलीतल्या पंख्याखाली उभे राहून हुंगलं. मग कपाटामागच्या तारेपाशी गेले. स्वयंपाकघर सोडून सगळीकडे. सिस्टर हात मागे बांधून बघत होत्या. रोग्याला दुखतंय कुठे आणि तो दाखवतोय कुठे, हे बघावं तसं.

"तिकडे काय हुंगताय?"

"तार तापली असेल तर असा वास येतो."

"बरं." त्यांनी फडताळातून एक लहान बाटली काढली, झाकण उघडून ह्यांच्या नाकाखाली धरली. "हा माझा गुडघ्याचा लेप. मघापासून हाच वास येतोय का तुम्हाला?"

ह्यांनी हुंगलं. थोडा विचार केला. "हो, असेल. हाच असेल. उग्र आहे."

"पाणी आहे त्यात," सिस्टर म्हणाल्या. "बाटली धुऊन भरून ठेवली होती."

वर बाळ रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन फेऱ्या मारायला लागली, तेवढा आवाज.

"कधीपासून?" सिस्टरांनी विचारलं. हा आवाज वार्डातला होता, पण मऊ.

"तापानंतर," हे म्हणाले. हे खुर्चीत बसले. मला वाटलं रागावतील, काहीतरी म्हणतील. पण हे गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसले, शाळेत पट्टी खाल्लेल्या मुलासारखे.

"मग जळल्याचं कसं कळलं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. सांगणं मला भाग होतं. मी काठीची गोष्ट सांगितली, खोकल्याची सांगितली, पिशवीची सांगितली. कुठल्या हातात म्हणजे काय, आणि खाली ठेवली म्हणजे काय.

सिस्टरांनी जमिनीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. खरंच हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे माझी चुगली मीच केली की गं!"

"मी ठेवणार नव्हते," मी म्हटलं.

हसणं थांबलं. "का नव्हतीस ठेवणार?"

मी वाकून पिशवीचे बंद सरळ करायला लागले.

"म्हणजे तुला आला होता वास." त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "मी काल सगळं घासलं. पडदे धुतले. लिंबं उकळली. मला काही म्हणजे काही येत नाही. खरं सांग. कुठवर आल्यावर आला तुला?"

ह्यांचं ते बोलणं मला आठवलं, घरात राहणाऱ्याचं नाक घरचं होतं. त्या स्वतःला फसवत नव्हत्या. त्यांना खरंच येत नव्हता. त्या क्षणी मी 'थोडासा' म्हणू शकले असते. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते आणि त्यात तेच मागणं होतं, असं मला वाटलं. पण त्यांनी आयुष्यभर लोकांना खरं काय ते सांगितलं होतं. त्यांना थोडासा म्हणून कशी बोळवण करू?

"दारातच आला," मी म्हटलं. "पहिल्याच श्वासात."

त्यांनी मान डोलावली. उठल्या, आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. शेगडीच्या वर मालकाच्या फडताळाची कड काळी पडून फुगली होती, तिच्यावर एक फडकं टांगलं होतं. ते त्यांनी स्वतः काढलं. ओट्याखालून एकात एक घातलेली पातेली काढली. तळ कोळशासारखे, एकाच्या झाकणाची मूठ वितळून वाकलेली.

"दूध ठेवते," त्या म्हणाल्या. "ठेवते ते कळतं. मग बाहेर जाऊन बसते आणि मग मला वाटतं की अजून ठेवायचं आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकदा उठून आले तर ज्वाळा वरपर्यंत होती. मी विझवली. हात थरथरला नाही माझा. मग कोपऱ्यात बसून रडले. वर ते पोर झोपलं होतं."

"पातेली तुमची आहेत," हे हळूच म्हणाले. "पातेल्यांचं मला लिहायचं कारण नाही. फडताळ मालकाचं आहे, पण त्याची कड वापराने..."

"नाकवाले," सिस्टरांनी ह्यांना तिथेच अडवलं. "पाळी संपली की पुढच्या सिस्टरला रोग्याचं सगळं सांगून मगच आम्ही घरी जायचो. रोगी गोड बोलतो म्हणून ताप लपवला, असं कधी केलं नाही. आणि आता तुम्ही माझं लपवणार? लिहा."

"लिहिलं तर तो घर सोडायला सांगेल," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे ते. मला विसरायला होतं, वेड नाही लागलेलं." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "पण एक अट आहे. मी लपवायचं नाही, तर तुम्हीही लपवायचं नाही. गॅस गळणाऱ्या घरात उद्या ही बाई आजारी असली आणि तुम्ही एकटे गेलात, तर?"

ह्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "वासाची ओळ तू लिही." माझ्यापुढे कागद सरकवला. मी अक्षरं उशिरा शिकले, त्यामुळे मला वेळ लागतो. सिस्टर शेजारी उभ्या राहून बघत होत्या. 'दारातच जळका वास. पडद्यांत आणि लाकडात मुरलेला.' एवढं लिहिलं. खाली त्यांनी सही केली. सही अजून सुरेख होती.

संध्याकाळी आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. ह्यांनी आधी सिस्टरांचं सांगितलं आणि मग स्वतःचं. चष्मेवाला चष्मा पुसायचा थांबला.

"म्हणजे इतके दिवस... काका?"

"इतके दिवस नाक हिचं होतं. थाट माझा."

"काकूंनी सांगितलं असतं तरी चाललं असतं की," तो म्हणाला. बघा, एवढं सोपं होतं. इतकी खोकले मी उगाचच.

पण सिस्टरांचं सोपं नव्हतं. तो म्हणाला, घर रिकामं करून घ्यावंच लागेल. मी म्हटलं, गॅस काढून टाक, आपोआप बंद होणारी विजेची किटली दे, जेवणाचं वर विचार. तो नाही म्हणाला. हे म्हणाले, मालकाच्या शेगडीची जबाबदारी मालकाची, ती काढायचं अहवालात मी लिहितो, मग बघ. तो डोकं खाजवत राहिला. शेवटी वरच्या बाळाच्या आईला विचारायला गेला, आणि तीच म्हणाली, "त्यांनी स्वतः होऊन सांगितलं ना? मग राहू देत. दोन वेळचं ताट मी खाली नेत जाईन."

म्हणून सिस्टर राहिल्या. गॅसची नळी बंद करून तिच्या तोंडाला बूच लावलं. पोरगी बाळाला कडेवर घेऊन ताट घेऊन यायची आणि त्या जेवेपर्यंत बसायची. बाळाला कडेवर कसं घ्यायचं, यावरून दर वेळी तिला बोलणी बसायची. महिन्यातून एकदा मीही जायची, पाहणीला नव्हे, नुसती. पडद्यांतला वास हळूहळू विरला. सिस्टरही तशाच विरत गेल्या. आधी माझं येणं विसरल्या, मग वरचं बाळ कुणाचं ते, मग आपण जेवलो की नाही ते. एका पहाटे त्या गणवेश शोधत रस्त्यावर सापडल्या. त्यानंतर भाची आली. चांगली होती बिचारी. बाहेरच्या खोलीतला पलंग तिने आत हलवला होता, म्हणाली.

शेवटच्या पाहणीला आम्ही गेलो तेव्हा सामान बाहेर गाडीत चढत होतं. सिस्टर दाराशी एका खुर्चीत बसल्या होत्या, बटणं नीट लावलेली, भाचीने लावली असणार. मी नमस्कार केला. त्यांनी अनोळखी माणसाला करतात तसा परत केला.

आता आम्हाला लपवायचं काही नव्हतं. दारात मी पुढे, हे मागे. मी आत एक पाऊल टाकलं, डोळे मिटले, श्वास घेतला. पुसलेल्या फरशीचा वास आला. रिकाम्या घराचा आला. साबणाचा आणि त्यामागे, अगदी पूर्वीसारखा, कडक इस्त्रीचा. दुसरं काहीही नाही. मी पुन्हा एकदा घेतला, नीट, सगळं नाक लावून. काहीही नाही.

डोळे उघडले तर सिस्टर उठून माझ्याजवळ आल्या होत्या. भाची "मावशी, बसा" म्हणत मागे धावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"अगं बाई, ओझं कशाला धरून उभी आहेस?" त्या म्हणाल्या. "ठेव की खाली."

आणि माझ्या हातातून पिशवी काढून त्यांनी ती हळूच जमिनीवर ठेवली.

ह्यांनी पिशवीकडे पाहिलं. जुनी सवय, एक पाऊल आत टाकलंसुद्धा. मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ह्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि तोंड वळवून खिडकीची कडी बघायला लागले, बराच वेळ, एकच कडी.

मी भिंतीला कागद टेकवून लिहिलं, 'घराला वाईट वास नाही.' पिशवी तिथेच राहू दिली. सिस्टर गाडीत बसेपर्यंत मी ती उचलली नाही.